राखलेला आंबा

मालवणहून कसालच्या रस्त्याला लागलं की कट्टा गावाच्या अलीकडे डाव्या हाताला पत्र्याची एक लांब शेड दिसते. पुढे ओंडक्यांची रास, मागे भुशाचा ढीग, आणि त्या ढिगावर ऊब बघून झोपलेलं एखादं कुत्रं. ही गुरुदास मेस्त्रीची सॉ मिल. बँडसॉ चालू असला की आतल्या माणसाला रस्त्यावरच्या एसटीचा हॉर्नसुद्धा ऐकू येत नाही. सारा जन्म त्या आवाजात गेल्यामुळे गुरुदास घरीही वरच्या पट्टीतच बोलतो. त्याची बायको नर्मदा वैतागून म्हणते, "ओरडतास कित्याक? मी हयच आसंय."

लाकडाच्या बाबतीत मात्र माणूस भलता चोखंदळ. कुणी "चांगलं लाकूड दाखवा" म्हणत आला की याचा ठरलेला प्रश्न, "कित्याक होया?" कामाप्रमाणे लाकूड. चौकटीला फणस घे, वाशांना किंजळ घे, होडी बांधणार असशील तर मग बस, चहा घे, सावकाश बोलू. सावंतवाडीचे खेळणीवाले यायचे ते पांगारा शोधत, कारण तो हलका आणि हत्याराला मऊ. आणि आंबा? आंब्याला कोण विचारतो! पेट्या, स्लॅबखालच्या फळ्या, फार तर जेवायला बसायचा पाट. पण शेवटच्या दिवशी मात्र आंबाच लागतो. चितेला दुसरं लाकूड घातलेलं इकडच्या म्हाताऱ्यांना खपत नाही.

मेस्त्र्यांच्या घराण्यात तर याची एक चालच होती. मुलगा झाला की बारशाच्या सुमारास बाप घरामागच्या डोंगरीत रायवळ आंब्याची एक कोय पुरायचा. ते झाड त्या मुलाचं. फळं सगळ्यांनी खावीत, सावलीला गुरं बांधावीत, पण त्याला कोयती लावायची नाही. तो माणूस गेला की त्याच दिवशी झाड पाडायचं आणि बुंध्यापासून डहाळीपर्यंत सगळं त्याच्याबरोबर जाळायचं. मुलींसाठी झाड लावत नसत. त्या सासरच्या लाकडांत जातात, असं म्हणत आणि विषय संपवत. आधी कुऱ्हाड, मग निरोप, अशी रीत होती. डोंगरीत आंब्यावर घाव पडायला लागले की वाडीतली माणसं काही न विचारता टॉवेल खांद्यावर टाकून निघायची.

गुरुदासच्या लहानपणी अशी पुष्कळ झाडं होती. आता दोनच राहिली होती. एक आबांचं, म्हणजे त्याच्या वडिलांचं, धोंडू मेस्त्रींचं. त्याला लागून गुरुदासचं. गुरुदासला एकच मुलगी, अनुजा, ती लग्न होऊन कणकवलीला गेलेली. तिसरी कोय पुरायची वेळच आली नव्हती.

आबा जुन्या काळचे करवती. मशीन येण्याआधी ओंडका उंच माचीवर चढवत, एक माणूस वर उभा राही, एक खाली, आणि मधे लांब करवत. वरचा रेघ बघतो, खालच्याच्या डोळ्यांत भुसा जातो. आबा जन्मभर खाली उभे राहिले. आता नव्वदीला टेकले होते आणि गेल्या पावसाळ्यापासून अंथरुणाला खिळले होते. डॉक्टरांनी सरळ सांगितलं होतं, घरी न्या, खातील ते द्या, आता आमच्या हातात काही नाही.

घर दमलं होतं हो. दुसरा शब्द नाही. गुरुदास दिवसभर मिलमध्ये, उरलेला वेळ आबांची कूस बदलण्यात, पाठीवरच्या जखमा पुसण्यात. नर्मदेचे गुडघे गेले होते, तरी चादरी धुवायला तीच. आणि सगळ्यांत जास्त दमले होते ते आबा. "पुरो झाला रे," ते म्हणायचे. "माका जाऊक होया." हे ऐकून रडू यायचे दिवससुद्धा मागे पडले होते. गुरुदास सकाळी देवापुढे उभा राहून एवढंच मागायचा, यांना सोडव आता. यात पाप आहे असं ज्याला वाटतं, त्याने एकदा म्हाताऱ्या माणसाचं सगळं करून बघावं.

अशात मार्गशीर्षात पुण्याहून संचिता नावाची एक बाई आली. फर्निचर बनवून परदेशी पाठवायचा तिचा व्यवसाय. गाडीतून उतरली, ओंडक्यांच्या राशीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाली, "मला आंबाच हवाय. पण एकच अखंड फळी. जोड अजिबात नको. बारा माणसं जेवायला बसतील एवढं टेबल आहे."

गुरुदास बाहेरच्यांशी शुद्ध बोलायचा. "एवढा जाड आंबा आता मिळत नाही, मॅडम. आणि मिळाला तरी आतून पोकळ निघतो."

"तुम्ही शोधून तर बघा."

शोधायचं काही नव्हतंच. ती बोलत होती तेव्हाच त्याच्या डोळ्यांपुढे बुंधा उभा राहिला होता.

त्या संध्याकाळी तो डोंगरीत गेला. आबांच्या आंब्याला त्याने कोयत्याच्या पाठीने ठोकून बघितलं. भरीव आवाज आला. दोन माणसांच्या कवेत न मावणारा बुंधा, सरळसोट, एक गाठ नाही. पैशाचा मोह म्हणाल तर तो नव्हता. पण असं लाकूड जाळायचं? सारा जन्म लाकूड निवडण्यात गेलेल्या माणसाला ते सोसवेना. त्याने मनात हिशेब मांडला. आबा आज-उद्याचे. झाड तर पाडायचंच आहे. बुंधा तेवढा वाचवू, फांद्या आणि शेंडा चितेला ठेवू. फांद्यासुद्धा दोन माणसांना पुरतील एवढ्या आहेत. म्हाताऱ्याचं त्यात काय कमी होणार? आणि लाकूड तोडावं ते काळोख्या पंधरवड्यात, नाहीतर भिरूड लागतो, किडा आतून लाकूड पोखरतो. पंधरवडा चालूच होता.

घरी येऊन त्याने नर्मदेला सांगितलं. ती भाकरी थापता थापता थांबली.

"ते जिते आसत मां ओ?"

"आज ना उद्या..."

"मगे उद्याच तोडा," ती म्हणाली आणि पुन्हा भाकरी थापू लागली.

अजय नावाचा त्याचा झाडं पाडणारा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तो चेनसॉ घेऊन चढला. आधी फांद्या, मग दोर बांधून शेंडा, मग बुंधा. झाड पडलं तेव्हा पायाखालची जमीन थरथरली, तेवढंच. कापलेला भाग फिक्कट पिवळा आणि ओला होता. मधोमध पोकळी नाही, डाग नाही. गुरुदासने त्यावरून हात फिरवला. खूप दिवसांनी त्याला बरं वाटलं.

करवत थांबली तेव्हा पायवाटेने माणसं वर येताना दिसली. पुढे शेजारचा समर्थ, मागे आणखी दहाबारा जण. सगळ्यांच्या खांद्यावर टॉवेल.

समर्थने जवळ येऊन गुरुदासच्या पाठीवर हात ठेवला. "कधी गेले रे?"

"कोण?"

"आबा."

"आबा खंय गेले? आबा आसत." गुरुदासने बुंध्याकडे हात केला. "ह्या लाकूड जरा आदी काडून ठेवतंय. सुकाक बरा."

समर्थने टॉवेल खांद्यावरून काढला, त्याची घडी घातली आणि काखेत धरली. "बरा," तो म्हणाला. मग सगळे आले तसे उतरून गेले.

गुरुदास घरी आला तर नर्मदा दारातच. तिचा चेहरा उजळला होता. चार दिवस ज्यांच्या घशाखाली पाण्याचा थेंब उतरत नव्हता त्या आबांनी सकाळी डोळे उघडून पेज मागितली होती. वाटीभर पेज, लोणच्याच्या फोडीबरोबर. "सगळी खाल्ली!" ती म्हणाली. "झाड पडल्याचो आवाज झालो मां, तेवाच हाक मारल्यानी."

गुरुदासला हसू आलं. म्हातारा मोठा चिवट, असं तो म्हणाला, आणि दोघं नवराबायको कितीतरी दिवसांनी एकत्र जेवायला बसली.

फांद्या त्याने घरामागच्या पडवीत नीट रचून ठेवल्या. बुंधा मिलमध्ये आणला. आंबा फार वेळ तसाच ठेवला तर बुरशीने निळा पडतो, म्हणून लगेच मशीनवर चढवला. मधली जाड फळी टेबलाची, बाजूच्या फळ्या खुर्च्यांच्या. संचिताला सगळाच बुंधा हवा होता. भुसा नेहमीप्रमाणे काजू फॅक्टरीची गाडी येऊन बॉयलरसाठी घेऊन गेली. फळ्यांना किडीचं औषध मारून, मधे पट्ट्या ठेवून, त्याने त्या नव्या भट्टीत सुकायला लावल्या.

आबा बरे झाले का? नाही. एवढं कळायला गुरुदासला महिना लागला. ते बरे झाले नाहीत आणि गेलेही नाहीत. पेज एका दिवसापुरतीच. मग पुन्हा दातखीळ, पुन्हा डोळे पांढरे, पुन्हा अनुजाला फोन. ती रात्रीअपरात्री गाडी करून यायची, उशाशी बसायची. सगळे देवाचं नाव घ्यायचे. आबांचा श्वास लागायचा, लांबायचा, अगदी थांबायचा. आणि मग कुणी बाहेरून ढकलल्यासारखा परत आत यायचा. असं एकदा झालं, दोनदा झालं, मग अनुजानेसुद्धा मोजायचं सोडलं. डॉक्टर येऊन बघून गेले. जाताना पायऱ्यांवर थांबून ते म्हणाले, "खरं सांगू का, नाडी लागत नाहीये नीट. पण आहेत." त्यांनी फी घेतली नाही.

भट्टीतही तसंच. लाकडात पाणी किती हे बघायचं दोन सुयांचं एक छोटं यंत्र असतं. सुया टोचायच्या, आकडा दिसतो. ओल्या आंब्याला पन्नास टक्के दाखवतं, सुकलं की बाराच्या आत येतं. भट्टीतल्या बाकीच्या फळ्या पापडासारख्या सुकल्या. या सुकेनात. आज पन्नास, आठवड्याने पन्नास, महिन्याने पन्नास. गुरुदासने यंत्राचे सेल बदलले, भट्टीची आच वाढवली. फळ्यांना तडा गेला नाही, बाक आला नाही, आणि सकाळी दार उघडलं की खालची फरशी ओली असायची.

नर्मदेचं झाडणं त्याच सुमाराला वाढलं. एका सकाळी तिने गुरुदासला आबांच्या खोलीत बोलावलं. खाटेखाली, भिंतीच्या बाजूला, मूठभर भुसा पडला होता.

"खाटीक भिरूड लागलो वाटता," ती म्हणाली.

गुरुदासने खाट उलटीपालटी करून बघितली. जुनी सागवानी खाट, एक भोक नाही. वर बघितलं तर स्लॅब. खोलीत दुसरं लाकूड नव्हतं. त्याने भुशाची चिमूट उचलली आणि बोटांत चोळली. भिरडाचा भुसा पिठासारखा असतो, कोरडा. हा दाणेदार होता, पिवळसर, ओला. नाकाशी नेला तर कैरी चिरल्यासारखा वास आला. असा भुसा कुठे पडतो हे त्याला कुणी सांगायला नको होतं. बँडसॉच्या खाली पडतो.

"तुमच्याच कपड्यांचो पडलो आसतलो," नर्मदा म्हणाली.

त्याला ते पटलं, म्हणजे त्याने पटवून घेतलं. त्या दिवसापासून तो मिलमधून आला की कपडे अंगणात झटकून, पडवीत बदलून मग आत यायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी मूठभर भुसा होताच. तिसऱ्या दिवशी होता. नर्मदा तो सुपलीत भरायची आणि माडाच्या आळ्यात टाकून यायची.

माघ संपता संपता संचिताचा माणूस स्वतःचं यंत्र घेऊन तपासायला आला. गुरुदासने सकाळी बघितलं होतं, पन्नास. आता काय सांगायचं या विवंचनेत त्याने भट्टीचं दार उघडलं. त्या माणसाने टेबलाच्या फळीत सुया टोचल्या. अकरा. दुसऱ्या टोकाला अकरा. खुर्च्यांच्या फळ्या, अकरा. "मस्त सुकवलंय, काका," तो म्हणाला आणि माल गाडीत चढवायला लागला. फरशी कोरडी ठणठणीत होती.

गुरुदास घरी आला तेव्हा नर्मदा रडवेली झाली होती. "आज सकाळधरना नुसता पाणी, पाणी. तांब्यावर तांबे घातलंय. जिबेक भेगा पडल्यो, बगा."

त्याने बघितलं. आबांची जीभ उन्हात राहिलेल्या फळीसारखी चिरली होती. अंग तर इतकं हलकं झालं होतं, की कूस बदलताना आता दुसरा माणूस लागत नव्हता.

"गुरू," आबा म्हणाले. इतक्या दिवसांत ते काही सलग बोलले नव्हते. "माझी लाकडां आसत मां?"

"आसत, आबा. पडवेत रचून ठेवलंय."

म्हाताऱ्याने त्याच्याकडे बघितलं. डोळे स्वच्छ होते, त्यात राग नव्हता, नुसता शीण होता.

"सगळी?"

गुरुदास तांब्या भरायच्या निमित्ताने उठून बाहेर आला. पडवीत फांद्यांची रास छातीभर उंच होती. कुणीही म्हटलं असतं की खूप झाली. तो तिथे उकिडवा बसला आणि पहिल्यांदाच घाबरला.

पुढचे दोन महिने सांगण्यासारखे नाहीत. श्वास थांबायचा आणि परत यायचा, तेवढंच चालू होतं. आबा ओरडत नव्हते, ते बरं होतं की वाईट कोण जाणे. अनुजा एकदा चुलीपाशी बसून म्हणाली, "बाबा, ह्या आता बगवना नाय." ती गेल्यावर गुरुदासने संचिताला फोन लावला. टेबल परत मिळेल का, त्याने विचारलं. काय वाटेल ते करतो, दुसरं देतो.

ती आधी हसली, मग तिला कळलं की हा थट्टा करत नाही. "अहो, कंटेनर जाऊन कितीतरी दिवस झाले. टेबल पोचलं, लागलं, लोक जेवतायत त्यावर. खूश आहेत ते." मग जरा थांबून म्हणाली, "फक्त एक विचारत होते. रोज सकाळी टेबलावर पाणी असतं म्हणे. कुणी पेला लवंडल्यासारखं. पॉलिशचं काही असेल का?"

"थंडीचं असेल," गुरुदास म्हणाला.

"घरात हीटर असतो हो त्यांच्या."

त्याने फोन ठेवला. टेबल येणार नव्हतं. आणि आलं असतं तरी भुसा बॉयलरमध्ये जळून गेला होता. सगळी लाकडं आता कुठूनही जमणार नव्हती.

दुपारी नर्मदा विहिरीवर गेली होती. गुरुदास आबांच्या उशाशी बसला.

"आबा," तो म्हणाला, "तुमचो बुंधो मी दिलंय. चुकलंय मी."

आबांनी पापणी हलवली. त्यांना माहीतच होतं.

"माझो आंबो आसा. तो देतंय तुमका. अख्खो."

म्हाताऱ्याच्या डोळ्यांच्या कडांना पाणी जमलं. त्या सुकलेल्या देहात ते आलं कुठून, देव जाणे. "नको रे पोरा," ते म्हणाले. "मगे तुका काय ऱ्हवता?"

"माझा मी बगतलंय."

आबांचा हात चादरीवरून सरपटत आला आणि गुरुदासच्या मनगटावर पडला. त्याला वजनच नव्हतं.

"खूप दमलंय रे," ते म्हणाले.

नको म्हणून ते दुसऱ्यांदा म्हणाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी उजाडताच गुरुदास अजयला घेऊन डोंगरीत गेला. या वेळी त्याने झाडाखाली ताडपत्र्या अंथरल्या. एक ढलपी बाहेर जाता कामा नये, असं अजयला बजावलं. पंधरवडा कुठला ते बघितलं नाही. मिलमध्ये काही न्यायचं नव्हतं. तिथल्या तिथे चेनसॉने ओंडके पाडायचे, फोडायचे, टेम्पोत भरायचे.

करवतीचं पातं बुंध्यात शिरलं तेव्हा गुरुदास छातीवर हात ठेवून उभा होता. काही झालं नाही. वारा होता, खाली कुणाचा तरी रेडिओ वाजत होता. झाड पडलं आणि डोंगरी उघडी झाली.

समर्थ वर आला. एकटाच, आणि टॉवेल न घेता. गेल्या वेळी फसला होता ना.

"ह्यो कोणाचो आंबो?"

"माझो."

समर्थने त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. पलीकडे आबांच्या झाडाचा बुडखा होता, त्याकडे बघितलं. मग धोतराचा काचा मारला आणि ओंडके उचलायला लागला.

ताडपत्रीतला भुसा पोत्यात भरला. पानं, डहाळ्या, मुळाशी पडलेल्या कैऱ्या, सगळं घेतलं. टेम्पोच्या शेवटच्या खेपेवर गुरुदास स्वतः बसून आला. टेम्पो अंगणात वळला, अजयने मागचा फाळका पाडला, आणि नर्मदा दारात येऊन उभी राहिली. तिने डोक्यावर पदर घेतला होता.

वाडीतली माणसं टॉवेल घेऊन आली.

ओला आंबा पेटत नाही. नुसता धुमसतो, धूर करतो, डोळे फोडतो. म्हणून लोकांनी डिझेलचा कॅन आणून ठेवला होता. तो उघडावा लागला नाही. सकाळी पाडलेलं, रसाने निथळणारं ते लाकूड सुक्या झावळीसारखं धडाडून पेटलं. म्हातारी माणसं चार पावलं मागे सरकली. उन्हं कलायच्या आत सगळं शांत झालं होतं. गुरुदास राखेकडे बघत उभा राहिला आणि हुंदके देऊन रडला, सुटल्यासारखा.

खाटेखालचा भुसा त्या दिवसापासून बंद झाला. नर्मदेने खोली शेणाने सारवल्यागत लख्ख पुसून घेतली, खाट उन्हात काढली. सुतक होतं, म्हणून मिलही बंद होती. गुरुदास दिवसभर ओसरीवर बसून राही, येणाऱ्याजाणाऱ्याशी बोले, दुपारी पडे. त्याला गाढ झोप लागायची. किती महिन्यांची साचलेली होती ती. तेरावं झालं, अनुजा कणकवलीला गेली, घरात दोघंच उरली.

त्यानंतरच्या सकाळी तो पायरीवर चहा पीत बसला होता. आज मिल उघडायची, एका गिऱ्हाइकाला फणसाच्या चौकटी द्यायच्यात, असं काहीबाही डोक्यात चाललं होतं. आतून केरसुणीचा आवाज येत होता. तो थांबला.

"ओ," नर्मदेची हाक आली. "हय येवा जरा."

ती त्यांच्या झोपायच्या खोलीत उभी होती. तिथे लोखंडी कॉट, दोन माणसांची. भिंतीकडची बाजू तिची, खिडकीकडची त्याची. खिडकीकडच्या बाजूला, खाली फरशीवर, मूठभर भुसा होता.

"तुमच्या कपड्यांचो..." नर्मदा म्हणाली. तेरा दिवस त्याने मिलची पायरी चढलेली नव्हती, हे तिलाही ठाऊक होतं.

गुरुदास गुडघ्यावर बसला. चिमूट उचलली. ओला होता. कैरीचा वास होता. पण बँडसॉचा दाणेदार भुसा नव्हता हा. जाड होता, लांबट, कुरळा. चेनसॉचा.

त्याने खिडकीतून बघितलं. डोंगरीच्या माथ्यावर आता झाड नव्हतं. दोन बुडखे तेवढे दिसत होते.

"काय करू?" नर्मदेने विचारलं.

"झाडून काड," गुरुदास म्हणाला. जन्मात पहिल्यांदाच तो इतक्या हळू बोलला, की तिला पुढे वाकून ऐकावं लागलं. "आता रोज काडूचो लागतलो."